बॅटरीत घातलेलं गोड पाणी

माझा थोरला भाऊ यंत्राच्या हवेवर जगतो. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये, रुईच्या धुळीत, त्याची बरीच वर्षं गेली आणि पन्नाशी उलटल्यावर फुप्फुसं थकली. खोलीतल्या हवेतून प्राणवायू वेगळा काढून नळीने नाकात सोडणारं एक यंत्र त्याच्या खाटेच्या पायथ्याशी असतं. ते विजेवर चालतं. आमच्या गावात विजेला जायला वाऱ्याचं निमित्त पुरतं.

डॉक्टरांचं म्हणणं होतं की त्याला अमरावतीत माझ्याकडे ठेवावं. दादाला गाव सोडायचं नव्हतं. तुझ्या तिसऱ्या माळ्यावर बसून मी काय कबुतरं मोजू, असं तो म्हणाला आणि विषय संपवला. मग मधला मार्ग मीच काढला. इन्व्हर्टर बसवू, त्याला मोठी बॅटरी जोडू. वीज गेली तरी तीन-चार तास यंत्र चालेल, तेवढ्यात वीज येते किंवा दवाखाना गाठता येतो. डॉक्टरांना मी तसा शब्द दिला, दादाला आणि वहिनीलाही दिला. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, सेल आणि बॅटरीचा धडा दरवर्षी घेतो, त्यामुळे माझ्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही. दादाचं गावात राहणं असं त्या बॅटरीवर टेकलेलं होतं.

बॅटरी ओसरीच्या कोपऱ्यात बसवली त्या दिवशी दादा खाटेवरून उठून, नळी सांभाळत, ती बघायला आला होता. यात वीज भरून ठेवतात का, असं त्याने विचारलं. सगळेच तसं समजतात. मी त्याला सांगितलं की यात वीज नसते. शिशाच्या पट्ट्या असतात, एक नुसत्या शिशाची, दुसरी शिशाच्या तपकिरी ऑक्साइडची, आणि दोघींच्या मध्ये पातळ केलेलं गंधकाचं आम्ल. शिशाला आपल्या जवळचे इलेक्ट्रॉन देऊन टाकायचे असतात, समोरच्या तपकिरी पट्टीला ते हवे असतात. दोघींना एकमेकींना चिकटू दिलं तर देणंघेणं तिथल्या तिथे होईल, नुसती उष्णता निघेल, आणि आपल्या हाती काही लागणार नाही. म्हणून त्यांना वेगळं ठेवतात आणि इलेक्ट्रॉनांना बाहेरच्या तारेनेच जायला लावतात. त्या तारेत आपण पंखा ठेवला की पंखा फिरतो, तुझं यंत्र ठेवलं की यंत्र चालतं.

"म्हंजे टोल नाक्यावानी," दादा म्हणाला. "दुसरा रस्ताच ठेवाचा नाई."

इतक्या वर्षांत वर्गात मला इतकी नेमकी उपमा सुचली नव्हती. मी ती पुढे वर्गात वापरली, दादाची म्हणून सांगितली नाही.

वहिनीला यातलं काही विचारायचं नव्हतं. तिने दसऱ्याला विळ्या-कुदळीबरोबर बॅटरीलाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. दादा तिला चिडवायचा की ही तुझी सवत आणली, हिच्यावाचून माझा श्वास चालत नाही. वहिनी म्हणायची, अशी मुकाट्याने बसणारी सवत असेल तर आणखी दोन आणा.

पाण्याचं सांगितलं पाहिजे. बॅटरी चार्ज होताना आतल्या पाण्याचा काही भाग वायू होऊन उडून जातो. आम्ल तिथेच राहतं, फक्त पाणी कमी होतं. म्हणून वरून पाणीच घालायचं आणि ते असं हवं की त्यात पाण्याशिवाय दुसरं काहीही नसेल. दुकानात बाटलीत मिळतं. वहिनीला मी एवढंच सांगितलं होतं की आपल्या बोअरचं पाणी चुकूनही घालू नका, ते खारं आहे, बॅटरीचा नाश होईल. बाकीचं मी बघीन. दीड-दोन महिन्यांनी येईन, बाटल्या घेऊन येईन, माझ्या हाताने भरीन.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. जमीन काळीभोर, पण खालचं पाणी खारं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. नळाचं पाणी आता येतं, पण त्याचा नेम नसतो. आमच्याकडे सोयरीक जुळवताना मुलीचा बाप आधी पाणी विचारतो. वहिनी परतवाड्याकडची, सातपुड्याच्या पायथ्याची, गोड पाण्याची. माहेराहून परत येताना तिच्या शिदोरीबरोबर एक कॅन पाणी यायचंच. बसच्या कंडक्टरने त्यावरून तिची थट्टा केली तरी ती कॅन मांडीपासून हलवायची नाही. ते पाणी माठात वेगळं ठेवलं जायचं. पाहुण्याला त्यातलं द्यायचं, आजाऱ्याला द्यायचं, दादाच्या गोळ्या त्या पाण्याबरोबर. आमच्या घरात पाणी दोनच प्रकारचं होतं, खारं आणि गोड. ज्यात काहीच नाही असं तिसरं पाणी असतं, हे मी घरात कधी कुणाला सांगितलंच नाही. वर्गात दरवर्षी सांगतो.

पहिलं वर्षभर मी ठरल्याप्रमाणे गेलो. नंतर माझं जाणं लांबत गेलं. कॉलेजच्या परीक्षा होत्या, मुलीचे प्रवेश होते, आणि जायला नको असलं की कामं सापडतात. जाण्याऐवजी मी फोन करू लागलो. वहिनीला विचारायचो, हिरवा दिवा लागतो का? ती आत जाऊन बघून यायची आणि म्हणायची, लागते भाऊजी, आता तर लवकरच लागते. बॅटरी पूर्ण भरली की इन्व्हर्टरवर हिरवा दिवा लागतो. तो लवकर लागतो म्हणजे सगळं ठीक, असं तिला वाटायचं. मला तसं वाटायला नको होतं. बॅटरीतून वीज घेतली की दोन्ही पट्ट्यांवर पांढरा थर धरतो; वेळेवर चार्ज केलं तर तो परत विरघळतो. पण पाण्याची पातळी खाली गेली, पट्ट्या उघड्या पडल्या, की तो थर वाळून घट्ट होतो आणि मग परतत नाही. अशा बॅटरीत पट्ट्यांचा थोडाच भाग कामाचा उरतो. थोडं भरलं तरी तिला पूर्ण भरल्यासारखं होतं आणि हिरवा दिवा लवकर लागतो. हे मला ठाऊक होतं. मी फोनवर म्हणायचो, छान, आणि ठेवून द्यायचो.

वैशाखातल्या एका दुपारी गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला. उन्हाचा असा मारा होता की पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. इन्व्हर्टर सुरू झाला, आणि दादाचं जेवण आटोपायच्या आत तो किंचाळू लागला आणि बंद पडला. घरात एक लहान सिलिंडर होता, वहिनीने तो जोडला. शेजाऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर दादाला टेकवून, सिलिंडर मांडीवर धरून ती अकोल्याला निघाली. मी अमरावतीहून पोहोचलो तेव्हा दादा दवाखान्यात होता, ओठ निळसर, डोळे उघडे. मला बघून त्याने दोन बोटं वर केली. ठीक आहे असं त्याला म्हणायचं असावं.

दुसऱ्या दिवशी मी बॅटरी दाखवायला अकोल्याहून एका मिस्त्रीला घरी घेऊन गेलो. वहिनीही दादाचे कपडे घ्यायला बरोबर आली होती. मिस्त्रीने मीटर लावलं, मान हलवली आणि पाणी कोणतं घालता असं विचारलं. मी काही बोलायच्या आत वहिनीने सांगून टाकलं. पाणी कमी दिसत होतं, भाऊजींना यायला जमत नव्हतं, खारं चालत नाही हे माहीत होतं, म्हणून माहेरचं गोड पाणी घातलं. घरातलं सगळ्यात चांगलं.

"मंग काय, माहेरानंच मारली बॅटरी," मिस्त्री हसत म्हणाला. नळाचं, नदीचं, कोणतंच पाणी चालत नाही, त्यात क्षार असतात, हे त्याने तिला समजावलं. ते खरंच आहे. आत न बघताच, नवी बॅटरी घ्या असं सांगून तो निघून गेला.

तो गेल्यावर मी झाकणं उघडली आणि मोबाइलचा उजेड आत सोडला. आतलं पाणी आता वरपर्यंत होतं, वहिनीने घातलेलं. पण त्या पाण्याखाली पट्ट्यांच्या वरच्या भागावर पांढरा, दगडासारखा पट्टा दिसत होता. पूर ओसरल्यावर भिंतीवर रेघ उरते तशी त्याची खालची कड सरळ होती. म्हणजे आतली पातळी तिथपर्यंत खाली गेलेली होती, आणि बरेच दिवस तशीच राहिलेली होती. वहिनीने पाणी घातलं त्याच्या कितीतरी आधी पट्ट्या वाळल्या होत्या. तिच्या पाण्यातल्या क्षारांनी नुकसान केलंच असणार, पण ते सावकाश करतात. बॅटरी मेली ती कोरडी पडून. उलट तिने पाणी घातलं म्हणून खालचा भाग तरी ओला राहिला आणि त्या दुपारी दादाला काही मिनिटं मिळाली.

वहिनी आत कपड्यांच्या घड्या करत होती. मी झाकणं लावली आणि गप्प राहिलो.

हे गप्प राहणं दादा दवाखान्यात होता तेवढे सगळे दिवस चाललं. तेवढ्यात गोष्ट नातेवाइकांत पसरली. भेटायला येणारा प्रत्येक जण पाण्याचं विचारायचा. कुणी दुष्टपणे बोलत नव्हतं, सगळे नुसते हळहळत होते. त्याने जास्त लागतं. वहिनी प्रत्येकाला स्वतःच सांगायची, माझ्या हाताने झालं. आणि एका सकाळी डॉक्टर आले तेव्हा तिने त्यांना सांगितलं की आम्ही अमरावतीला राहायला जातो. तिला आता घरी राहायचा धीर नव्हता. आपल्या हातावरचा तिचा विश्वासच गेला होता. दादाने तिच्याकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि हो म्हणाला. तो तिच्यासाठी हो म्हणाला हे मला दिसत होतं. नाही म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं की तो अजून तिच्या चुकीचा हिशेब धरतो आहे.

मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहायला हवं. तो अमरावतीत आला की बॅटरीचा प्रश्न मिटणार होता, शब्दाचा मिटणार होता. माझ्या बायकोने मुलीची खोली रिकामी करायला घेतली. सगळे म्हणत होते, धाकटा असावा तर असा.

दवाखान्यातून सुटल्यावर सामान आवरायला म्हणून चार दिवस सगळे गावी आलो. भाड्याचा मोठा सिलिंडर आणून ठेवला होता. वहिनी माळ्यावरची भांडी खाली काढत होती. कोणती न्यायची, कोणती द्यायची, हे ती शेजारणींना न विचारताच ठरवत होती. दादा खाटेवर बसून दाराबाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. वखरलेलं रान होतं आणि ऊन. तो इतका वेळ एकाच दिशेने बघत राहिला की मला तिथे उभं राहवेना. मी ओसरीवर गेलो, झाकणं पुन्हा उघडली आणि वहिनीला हाक मारली.

तिने वाकून आत बघितलं. मी तिला पांढरी रेघ दाखवली आणि ती कशामुळे पडते ते सांगितलं. पहिल्यांदा तिला वाटलं मी तिची समजूत घालतो आहे. भाऊजी, राहू द्या, झालं ते झालं, असं ती म्हणाली. मी म्हटलं, वहिनी, समजूत घालायची असती तर मी पहिल्याच दिवशी घातली असती. हे मी त्याच दिवशी बघितलं होतं. मग ती पुन्हा वाकली. ही रेघ पाण्याच्या कोणत्या पातळीची, तुम्ही शेवटचं पाणी कधी घातलं होतं, मी घातलं तेव्हा आत किती होतं, असं एकेक करून तिने विचारलं. मी उत्तरं देत गेलो. मी न आलेल्या दिवसांचा हिशेब तिचा तिलाच जुळवता आला. ती उठली, पदराने हात पुसले. तिचा आवाज चढला नाही.

"एवढं सारं तुमाले मालूम होतं," ती म्हणाली, "तं तुमी आले कावून नाई?"

कॉलेज, परीक्षा, मुलीचे प्रवेश हे सगळं तोंडापर्यंत आलं. ते तिला माहीत होतं. फोनवर मीच सांगितलेलं होतं. मी म्हणालो, मला दादाचा श्वास ऐकवत नाही. तो बोलता बोलता मध्येच थांबतो, खांदे वर उचलून हवा ओढतो, तेव्हा मला पळून जावंसं वाटतं. घरी परतलो तरी दोन-तीन दिवस तो आवाज कानात राहतो. म्हणून मी यायचं टाळत गेलो. हिरव्या दिव्याचं विचारलं की आपण काळजी घेतली असं वाटायचं.

मी हे हळू बोललो होतो. पण ओसरी आणि खोली यांच्यामध्ये नुसतं उघडं दार आहे.

"माये कान शाबूत हायेत," आतून दादा म्हणाला. "इकडं या दोघंबी."

आम्ही आत गेलो. मी खाली बघत उभा राहिलो. दादाने मला बसायला सांगितलं, आणि बराच वेळ घेऊन, थांबत थांबत, बोलला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, भीती वाटते त्यात लाजायचं काय, त्याला स्वतःलाही तो आवाज आवडत नाही. मग वहिनीकडे वळून त्याने विचारलं, भांडी कशाला काढली? ती म्हणाली, जायचं ठरलं ना. तो म्हणाला, ते ठरलं तेव्हा तुझी चूक होती असं तुला वाटत होतं. आता सांग. वहिनीच्या हातात भांड्यांतला एक पितळी गंज होता. तिने तो जमिनीवर ठेवला आणि म्हणाली की घर सोडायचं तिच्या मनात कधीच नव्हतं.

"मंग नवी बॅटरी आण," दादा मला म्हणाला. "पण पाणी आता तुयी वहिनी टाकीन. तू नको टाकू. तुयाच्यानं नाई होत."

मी म्हणालो, दादा, आता मी न चुकता येईन. तो म्हणाला, ये ना, बस, जेव. पण बॅटरी हिच्याकडे. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. घरातलं काम ज्याला झेपतं त्याला द्यावं तसं त्याने ते माझ्याकडून काढून तिला दिलं. माझा शब्द गेला तो असा, कुणी आवाज न चढवता. त्याच्या बाजूने पाहिलं तर ते शहाणपणाचं होतं, हे मला त्या क्षणीही कळत होतं.

नवी बॅटरी अकोल्याहून आली. डॉक्टरांना फोन करून मी बेत बदलल्याचं कळवलं; ते नाराज झाले, आणि दुसरा मोठा सिलिंडर कायम घरात असला पाहिजे या अटीवर राजी झाले. वहिनीला मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, आधी सांगायला हवं होतं तसं. तिने मला अडवून विचारलं की पाण्यात काहीच नसलं तर वीज त्यातून जाते कशी. माझ्या वर्गात हा प्रश्न फार थोड्या मुलांना पडतो. मी म्हणालो, नुसत्या पाण्यातून जातच नाही. आत आम्ल आहे, त्यातले भारित कण इकडून तिकडे सरकतात, म्हणून चालतं. आम्ल आहे तेवढं पुरेसं आहे. आपण फक्त उडून गेलेल्या पाण्याची जागा भरायची, सोबत नवं काही पाठवायचं नाही. मीठही नको, लोहही नको, आणि चांगलं म्हणून काही घालायचं तर तेही नको. ती म्हणाली, समजलं. पुन्हा म्हणून दाखवा असं मी मास्तरकीच्या सवयीने म्हणालो, तर तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पाण्याची बाटली तिच्या हाती दिली.

त्यानंतर मी गावी जातो. आधीपेक्षा जास्त जातो, तरी जावं तितकं नाही. एस.टी.त बसलो की अजूनही दर्यापूर मागे पडेपर्यंत परत फिरायचे विचार डोक्यात चालतात. मागच्या खेपेला पोहोचलो तेव्हा वहिनी ओसरीवर झाकणं उघडून बसली होती, शेजारी दुकानच्या पाण्याची बाटली. मी सवयीने पुढे झालो, बाटली धरायला हात केला. ती म्हणाली, उजेडात उभे राहू नका भाऊजी, आतलं दिसत नाही, तिकडे बसा त्यांच्यापाशी.

मी आत जाऊन दादाच्या खाटेच्या कडेला बसलो. तो काहीतरी सांगू लागला, शेजाऱ्याच्या बैलाचं होतं, आणि मध्येच थांबून हवा ओढू लागला. मला उठायचं होतं. उठून करायला हातात काही काम नव्हतं, म्हणून बसून राहिलो.